वाचनालयाच्या संगणकावरील बेवारस फाइली: डेबियनवरील एक प्रकरण अभ्यास

परिस्थिती

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका मराठी वाचनालयात जुने छापील साहित्य संगणकावर आणण्याचे काम काही वर्षांपासून चालू आहे. गावच्या कालोत्सवात आणि जत्रेत सादर झालेल्या नाटकांच्या संहिता, त्यांची जाहिरातपत्रके, १९६१ पूर्वीच्या नियतकालिकांचे सुटे अंक, आणि मराठी मजकुराच्या वर किंवा खाली पोर्तुगीज मथळे असलेली कागदपत्रे असा हा संग्रह आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेने हा कागद दरवर्षी थोडा अधिक खराब होतो, त्यामुळे काम थांबणे वाचनालयाला परवडणारे नाही. पाने स्कॅन करायची, टेसरॅक्ट या मुक्तस्रोत ओसीआर साधनाकडून त्यांतली अक्षरे ओळखून घ्यायची आणि ओसीआरमायपीडीएफ या दुसऱ्या साधनाने शोधता येण्याजोगी पीडीएफ तयार करायची, अशी तेथील पद्धत आहे. संगणक जुना असला तरी धडधाकट आहे आणि त्यावर डेबियन ही लिनक्स वितरणप्रणाली चालते. गरज पडेल तेव्हा त्याची तांत्रिक देखभाल मी करतो.

हे काम एके दिवशी पूर्ण थांबले. तेथे स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने मला जे सांगितले त्याचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण निदानाची निम्मी सामग्री त्या क्रमातच होती. संगणक डेबियन ११ वरून १२ वर नेला गेला आणि त्यानंतर मराठी पानांची ओळख पूर्वीसारखीच होत राहिली. पोर्तुगीज मथळेही ओळखले जावेत म्हणून त्याने एपीटी या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाद्वारे पोर्तुगीज भाषेचे टेसरॅक्ट पॅकेज बसवले. एपीटीने ते व्यवस्थित बसल्याचे सांगितले, पण टेसरॅक्ट मात्र पोर्तुगीजची विदा-फाइल उघडता येत नसल्याची तक्रार करत राहिले. पुढे डिस्कवर जागा कमी पडू लागली म्हणून त्याने गरज न उरलेली पॅकेजे काढणारे ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ चालवले आणि त्या क्षणापासून टेसरॅक्ट सुरूच होईना. ‘लिबटिफ.एसओ.५ ही फाइल सापडत नाही’ एवढाच संदेश येई. त्याने टेसरॅक्टचे पॅकेज पुन्हा बसवले, काढून परत बसवले, तरी संदेशात एका अक्षराचाही फरक पडला नाही. ओसीआरमायपीडीएफ तर प्रणाली बदलल्यापासूनच बंद होते. पायथनचे मॉड्यूल सापडत नाही असे ते म्हणे. पायथनची साधने बसवणारे पिप वापरून ते पुन्हा बसवण्याचा प्रयत्न केला तेव्हा ‘हे पायथन बाहेरून व्यवस्थापित आहे’ असे सांगून पिपने नकार दिला. हा नकार डावलण्याचा पर्याय त्याच संदेशात दिलेला असतो. तो त्याने वापरला नाही आणि मला विचारले, हे त्याने फार चांगले केले.

सगळे पुसून नवी प्रणाली बसवावी, असा सल्ला वाचनालयाला आधीच मिळाला होता. तो सल्ला मला मान्य नव्हता. नव्या प्रणालीवर कोणीतरी पुन्हा त्याच पद्धतीने सॉफ्टवेअर बसवले असते आणि दोन वर्षांनी पुढच्या आवृत्तीवर जाताना हेच प्रकरण पुन्हा उभे राहिले असते. बिघाड कुठून आला हे कळणे वाचनालयाच्या दृष्टीने तो दूर होण्याइतकेच गरजेचे होते. तरीही कामाला हात घालण्यापूर्वी सर्व स्कॅन, वापरकर्त्यांचे फोल्डर, ‘/ईटीसी’ आणि ‘/यूएसआर/लोकल’ यांची प्रत बाह्य डिस्कवर घेतली.

निदान

पहिला प्रश्न असा होता की टेसरॅक्ट हा शब्द टंकल्यावर नेमका कोणता प्रोग्राम चालतो. ‘टाइप -ए टेसरॅक्ट’ ही आज्ञा दिल्यावर दोन उत्तरे मिळाली: आधी ‘/यूएसआर/लोकल/बिन’ मधला टेसरॅक्ट आणि नंतर ‘/यूएसआर/बिन’ मधला. डेबियनच्या नेहमीच्या रचनेत आज्ञा शोधण्याच्या यादीत ‘लोकल’ आधी येतो, म्हणून एपीटीने कितीही वेळा नवे टेसरॅक्ट बसवले तरी चालत होते ते दुसरेच. ‘डीपीकेजी --सर्च’ ला दोन्ही फाइलींची मालकी विचारली, तेव्हा ‘/यूएसआर/बिन’ मधली फाइल टेसरॅक्टच्या पॅकेजची असल्याचे तिने सांगितले आणि ‘लोकल’ मधल्या फाइलीविषयी तिच्याकडे कसलीही नोंद नव्हती.

ही नोंद कुठे असते आणि कशी बनते हे समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. डेबियन प्रकल्प १९९३ साली सुरू झाला आणि त्याची पॅकेज व्यवस्था डीपीकेजी या साधनावर उभी आहे. डीपीकेजी प्रत्येक पॅकेज उघडताना त्यातून डिस्कवर गेलेल्या प्रत्येक फाइलीचा मार्ग ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’ मध्ये त्या पॅकेजच्या नावाने लिहून ठेवतो. काढण्यापूर्वी व काढल्यानंतर चालवायच्या स्क्रिप्ट आणि वापरकर्त्याने बदललेल्या असू शकतात अशा मांडणी-फाइलींची यादीही तेथेच असते. एपीटी त्याच्या वरचा थर आहे. कोणते पॅकेज कोणावर अवलंबून आहे, कोणते माणसाने मागितले आणि कोणते केवळ दुसऱ्याच्या गरजेपोटी आले, हा हिशेब तो ठेवतो. काढण्याची सारी ताकद या नोंदींत आहे. ज्या फाइलीची नोंद नाही ती एपीटी काढू शकत नाही, बदलू शकत नाही, आणि तिला कशाची गरज आहे हेही जाणू शकत नाही.

हे मी समजावून सांगत असताना ग्रंथपाल ताईंनी विचारले, “पुस्तकाला दाखल क्रमांकच नसेल तर आम्हांला ते निर्लेखित करता येत नाही. मग या फाइली तुमच्या संगणकाने काढाव्यात तरी कशा?” या प्रकरणाचा गाभा इतक्या नेमकेपणाने मला मांडता आला नसता.

आता टिफ प्रतिमा हाताळणाऱ्या लिबटिफ या लायब्ररीचा संदेश. ‘एलडीडी’ ही आज्ञा एखादा प्रोग्राम कोणत्या सामायिक लायब्ररी फाइली मागतो आणि त्या कुठून उचलतो हे दाखवते. तिने दाखवले की एपीटीने बसवलेला ‘/यूएसआर/बिन/टेसरॅक्ट’ सुद्धा आपली मुख्य लायब्ररी आणि प्रतिमा हाताळणारी लेप्टोनिका ही लायब्ररी, दोन्ही ‘/यूएसआर/लोकल/लिब’ मधून उचलतो. याचे कारण असे, की लायब्ररी शोधण्याच्या यादीतही डेबियनमध्ये ‘लोकल’चे नाव पहिले असते आणि दोन्हीकडच्या फाइलींचे अधिकृत नाव एकच होते. ‘लोकल’ मधली लेप्टोनिका डेबियन ११ वर कंपाइल झाली होती आणि तिला लिबटिफची पाचवी आवृत्ती लागत होती. डेबियन १२ मध्ये लिबटिफ सहाव्या आवृत्तीवर गेली आहे. प्रणाली बदलताना जुने लिबटिफ ५ पॅकेज लगेच निघून जात नाही. ते अनाथ म्हणून मागे राहते, आणि म्हणूनच मराठीची ओळख काही काळ बिनबोभाट चालू राहिली. ऑटोरिमूव्हने त्या पॅकेजकडे पाहिले, नोंद असलेल्या कोणत्याही पॅकेजला त्याची गरज नाही असे आढळले आणि त्याने ते काढले. त्याच्या नोंदींच्या आधारे त्याचा निर्णय अचूक होता. गरज होती ती नोंदीबाहेरच्या फाइलीला.

ओसीआरमायपीडीएफचे कारण याहून सोपे निघाले. ते पूर्वी प्रशासकीय अधिकाराने पिप चालवून बसवले होते. डेबियन ११ मध्ये पायथन ३.९ आहे, म्हणून सारी मॉड्यूले ‘/यूएसआर/लोकल/लिब/पायथन३.९’ मध्ये गेली. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११ आले आणि ते या फोल्डरकडे बघतही नाही. ‘लोकल/बिन’ मधली सुरुवातीची छोटी स्क्रिप्ट मात्र जागेवर होती. ती नव्या पायथनला हाक मारी आणि नव्या पायथनला मॉड्यूल सापडत नसे. पिपने दिलेला नकार हा पायथन समुदायाच्या पेप ६६८ या प्रस्तावातून आलेला आहे, आणि डेबियनने तो १२ व्या आवृत्तीपासून लागू केला तो हेच प्रकार टाळण्यासाठी.

फाइलींच्या तारखा २०२२ च्या सुरुवातीच्या होत्या, आणि त्यावरून हे कोणी का केले असावे याचा उलगडा झाला. टेसरॅक्ट ५.० हे नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, तर ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या डेबियन ११ मध्ये ४.१.१ होते. पाचव्या आवृत्तीत ओळखीची गणिते कमी अचूकतेच्या, पण वेगवान दशांश संख्यांवर करण्याची सोय झाली, आणि जुन्या संगणकावर शेकडो पाने ओळखायची असतील तर हा वेग फार मोलाचा ठरतो. तेव्हाच्या मदतनिसाने सोर्स कोड आणून कंपाइल केला आणि तयार फाइली थेट ‘/यूएसआर/लोकल’ मध्ये ठेवणारे ‘मेक इन्स्टॉल’ दिले. त्याचा हेतू योग्य होता आणि त्या दिवशी त्याचा लाभही झाला. उणीव एवढीच राहिली, की काय बसवले, कुठे बसवले आणि ते कधी अनावश्यक होईल, हे कुठेही लिहून ठेवलेले नव्हते. डेबियन १२ स्वतःच टेसरॅक्ट ५.३.० घेऊन आले तेव्हा हाताने बसवलेल्या प्रतीचे प्रयोजन संपले, पण ते संपल्याचे कोणाच्या लक्षात येण्याची सोय नव्हती.

काढणी

डेबियनच्या धोरणानुसार कोणत्याही अधिकृत पॅकेजला ‘/यूएसआर/लोकल’ मध्ये फाइल ठेवण्याची मुभा नाही. फार तर रिकामी डिरेक्टरी निर्माण करता येते. या नियमाचा या प्रकरणात मोठा उपयोग झाला, कारण ‘लोकल’ खाली जी जी फाइल आहे ती हाताने आलेली, असे जवळजवळ निःशंकपणे धरता आले. तरी सगळा फोल्डर रिकामा करणे चूक ठरले असते. त्यात वाचनालयाने ठेवलेले देवनागरी फाँट होते, स्कॅन केलेल्या फाइलींना नावे देणारी एक उपयुक्त स्क्रिप्ट होती, आणि टेसरॅक्टच्या विदा-फोल्डरात मराठीची एक विदा-फाइल होती जिच्याविषयी पुढे सांगायचे आहे. म्हणून सर्व फाइलींची तारीखवार यादी काढली आणि प्रत्येक गटाचे मूळ शोधूनच त्याला हात लावला.

टेसरॅक्टचा कंपाइल केलेला सोर्स ‘/यूएसआर/लोकल/एसआरसी’ मध्ये सुदैवाने तसाच होता. तेथे आधी ‘मेक --ड्राय-रन अनइन्स्टॉल’ देऊन ती आज्ञा काय काय काढणार आहे ते वाचले, यादीशी ताडले आणि मगच ‘मेक अनइन्स्टॉल’ दिले. ही सोय प्रत्येक सोर्समध्ये असतेच असे नाही. ती मेकफाइलच्या लेखकावर आणि ज्या साधनाने मेकफाइल बनली त्यावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, सीमेक वापरणाऱ्या प्रकल्पांत ती आपोआप येत नाही. तेथे बसवणीच्या वेळी बिल्ड फोल्डरात तयार होणारी ‘इन्स्टॉल_मॅनिफेस्ट’ ही यादी जपून ठेवणे हाच आधार असतो. शिवाय अनइन्स्टॉल फक्त स्वतः ठेवलेल्या फाइली काढते. नंतर हाताने आणून ठेवलेल्या विदा-फाइली आणि रिकामे फोल्डर तसेच राहतात.

लेप्टोनिकाचा सोर्स मात्र कोणीतरी जागा मोकळी करताना पुसून टाकला होता. या टप्प्यावर अंदाजाने फाइली काढायला सुरुवात करण्याचा मोह होतो आणि तो आवरायला हवा. लेप्टोनिका केवळ ‘लिबलेप्ट’ नावाच्या फाइली ठेवून थांबत नाही. ‘फाइलइन्फो’, ‘प्रिंटइमेज’, ‘कन्व्हर्टफॉरमॅट’ असे काही छोटे प्रोग्रामही ती ‘बिन’ मध्ये ठेवते, आणि त्यांच्या नावांवरून त्यांचे कूळ कोणालाही ओळखता येणार नाही. म्हणून आम्ही उलट वाटेने गेलो. ‘लोकल’ मधल्या पीकेजी-कॉन्फिगच्या फाइलीतून आवृत्ती १.८२ असल्याचे कळले. त्याच आवृत्तीचा सोर्स दुसऱ्या संगणकावर आणून, त्याच उपसर्गाने (म्हणजे बसवण्याच्या मूळ मार्गाने) कंपाइल केला आणि ‘मेक इन्स्टॉल’ देताना डेस्टडिर हे चल एका तात्पुरत्या फोल्डराकडे वळवले. असे केल्यावर सर्व फाइली प्रत्यक्ष प्रणालीत न जाता त्या फोल्डरात जशाच्या तशा रचनेत जमा होतात. हरवलेली यादी अशी पुन्हा तयार झाली. ती वाचनालयाच्या संगणकावर नेऊन तिच्यातील प्रत्येक नाव ताडले आणि त्या फाइली थेट न पुसता आधी एका टार संग्रहात हलवल्या. मग ‘एलडीकॉन्फिग’ चालवून लायब्ररींची साठवलेली यादी नवी करून घेतली. ज्या टर्मिनलमध्ये जुना मार्ग बॅश या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या स्मरणात होता तेथे ‘हॅश -आर’ देणेही गरजेचे होते, अन्यथा फाइल नाही असा नवाच संदेश येऊन गोंधळ वाढला असता.

पिपच्या फाइलींसाठी इतके श्रम पडले नाहीत. पिप प्रत्येक मॉड्यूलच्या ‘डिस्ट-इन्फो’ फोल्डरात ‘रेकॉर्ड’ नावाची फाइल ठेवतो आणि तिच्यात त्या मॉड्यूलची प्रत्येक फाइल तिच्या हॅशसह लिहिलेली असते. ‘लोकल/बिन’ मधल्या स्क्रिप्ट कोणाच्या आहेत हे त्यावरून कळले. त्या स्क्रिप्ट आणि पायथन ३.९ चा संपूर्ण फोल्डर काढला.

एवढे झाल्यावर एलडीडीने लिबटिफ.एसओ.६ दाखवले, टेसरॅक्ट सुरू झाले, आवृत्ती ५.३.० आली, आणि तरीही त्याला पोर्तुगीज सापडेना. त्याचे संदेश वाचले तेव्हा कळले की टेसडेटा_प्रीफिक्स हे पर्यावरण-चल जुन्या विदा-फोल्डराकडे बोट दाखवत आहे. ते ‘/ईटीसी/एन्व्हायरन्मेंट’ मध्ये लिहिलेले होते. ती ओळ काढून पुन्हा लॉगिन केल्यावर दोन्ही भाषा मिळाल्या. फाइली काढल्या म्हणजे सॉफ्टवेअर निघाले असे समजणे किती अपुरे आहे ते येथे दिसले. पर्यावरण-चले, आपोआप सुरू होणाऱ्या सेवा, मेन्यूतील नोंदी आणि वापरकर्त्याच्या घरातील ‘.कॉन्फिग’, ‘.कॅश’ व ‘.लोकल/शेअर’ हे फोल्डर पाहिल्याशिवाय काढणी पूर्ण होत नाही. पॅकेज मांडणी-फाइलींसह काढणारे एपीटीचे ‘पर्ज’ सुद्धा वापरकर्त्याच्या घरात शिरत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तेथे माणसाचे काम असते.

स्कॅनरचे पॅकेज

या निमित्ताने आणखी एक जुने दुखणे हाती घेतले. वाचनालयाचा पूर्वीचा स्कॅनर निकामी झाल्यावर नवा आला होता. नव्या स्कॅनरला उत्पादकाचा ड्रायव्हर लागत नाही, सेन-एअरस्कॅन हे डेबियनमधलेच पॅकेज पुरते. जुन्या स्कॅनरचे उत्पादकाकडून उतरवलेले डेब (डेबियनच्या स्वरूपातले) पॅकेज मात्र निघत नव्हते. काढायला गेले की ‘काढण्यापूर्वीची स्क्रिप्ट अयशस्वी’ असा संदेश येई, आणि डीपीकेजीच्या यादीत त्याच्यापुढे ‘आर’ आणि ‘आय’ ही अक्षरे दिसत, म्हणजे काढण्याची इच्छा नोंदलेली आहे पण पॅकेज अजून बसलेलेच आहे. ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’ मधली ती स्क्रिप्ट उघडून पाहिली, तेव्हा ती एक सेवा थांबवू पाहत होती जी प्रणालीत आता अस्तित्वातच नव्हती, आणि पहिल्याच चुकीला थांबण्याची सूचना स्क्रिप्टच्या माथ्यावर होती. स्क्रिप्टची प्रत ठेवून ती एक ओळ निष्प्रभ केली आणि ‘एपीटी पर्ज’ सुरळीत पार पडले. अशा वेळी जबरदस्तीने काढण्याचे पर्याय वापरणारे पुष्कळ आहेत. स्क्रिप्ट साध्या मजकुराची असते आणि वाचता येते, म्हणून आधी ती वाचावी, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर ऑटोरिमूव्ह पुन्हा चालवायचे होते, पण या वेळी ‘--सिम्युलेट’ देऊन. त्याच्या यादीत ‘सेन-यूटिल्स’ हे पॅकेज होते. ते केवळ जुन्या ड्रायव्हरच्या गरजेपोटी आले होते, त्यामुळे ड्रायव्हर गेल्यावर एपीटीच्या लेखी तेही अनाथ झाले. वाचनालयाची स्कॅन करणारी स्क्रिप्ट मात्र त्यातल्याच ‘स्कॅनइमेज’ या आज्ञेवर चालते. लिबटिफसारखाच अपघात येथे दुसऱ्यांदा घडला असता. ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ ही आज्ञा देऊन हे पॅकेज आम्हांला मुद्दाम हवे आहे अशी नोंद केली आणि ते यादीतून गळले. विद्यार्थ्याने तेव्हा विचारले, “सर, म्हणजे ऑटोरिमूव्ह वापरायचेच नाही का?” मी त्याला म्हटले, “जरूर वापर, पण यादी वाचून. आणि केवळ जागा हवी असेल तर आधी ‘एपीटी क्लीन’ देऊन बघ, ते उतरवलेल्या डेब फाइलींची साठवण तेवढी रिकामी करते.”

काढलेल्या पण पर्ज न केलेल्या पॅकेजांच्या मांडणी-फाइलीही मागे होत्या. डीपीकेजीच्या यादीत त्यांच्यापुढे ‘आर’ आणि ‘सी’ ही अक्षरे असतात. त्या पाहून पर्ज केल्या.

पुन्हा बसवणी

ओसीआरमायपीडीएफ आता डेबियनच्या भांडारातूनच बसवले. १२ मध्ये ते पॅकेज म्हणून उपलब्ध आहे, आणि कामापुरते नवेही आहे. भांडारात नसलेले एखादे पायथन साधन कधी लागलेच, तर ते पिपएक्सने किंवा स्वतंत्र व्हेन्व्ह फोल्डरात बसवायचे असे ठरले. तेथे सारे एका जागी राहते आणि फोल्डर काढला की साधन निघते.

उरली ती मराठीची विदा-फाइल. टेसरॅक्टच्या भाषा-विदेचे ‘फास्ट’ आणि ‘बेस्ट’ असे वेगळे संच आहेत. डेबियनची पॅकेजे फास्ट संचावरून बनतात, आणि ‘लोकल’ मध्ये आढळलेली फाइल बेस्ट संचातली होती. वाचनालयाच्या पुसट पानांवर तिचे निकाल अधिक बरे येतात असा तेथील अनुभव आहे, त्यामुळे ती टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. पण ती ठेवायची कुठे? डेबियनच्या विदा-फोल्डरात हाताने टाकली तर पुन्हा एक बेवारस फाइल जन्माला येते, आणि मराठीच्या अधिकृत फाइलीच्याच नावाने टाकली तर पुढच्या अद्ययावतीकरणात ती पुसली जाते. वेगळा फोल्डर करून टेसरॅक्टला त्याचा मार्ग द्यावा, तर पीडीएफ बनवताना लागणाऱ्या मांडणी-फाइली आणि फाँट त्याला त्या फोल्डरात सापडत नाहीत.

म्हणून त्या एकाच फाइलीचे पॅकेज बनवले. हे ऐकायला अवघड वाटते, पण प्रत्यक्षात त्यात एक फोल्डर आणि एक मजकूर-फाइल एवढेच असते. फोल्डराच्या आत ‘यूएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/५/टेसडेटा’ ही रचना करून तीत विदा-फाइल ‘मार_बेस्ट’ या निराळ्या नावाने ठेवली. शेजारी मोठ्या लिपीतल्या ‘डेबियन’ नावाच्या उपफोल्डरात ‘कंट्रोल’ फाइल लिहिली, जीत पॅकेजचे नाव, आवृत्ती, सर्व प्रकारच्या प्रोसेसरांना चालणारे असल्याचा निर्देश, देखभाल करणाऱ्याचा पत्ता आणि वर्णन असते. अवलंबित्वाच्या ओळीत टेसरॅक्ट ५ किंवा त्यावरचे, पण ६ च्या खालचे, अशी अट घातली. या फोल्डराच्या मार्गात आवृत्तीचा आकडा येतो, डेबियन ११ मध्ये तो ४.०० होता आणि १२ मध्ये ५ आहे. उद्या तो पुन्हा बदलला तर आपली फाइल मुकाट्याने चुकीच्या जागी पडून राहण्याऐवजी एपीटीने प्रणाली बदलतानाच हरकत घ्यावी, हा या अटीचा उद्देश. ‘डीपीकेजी-डेब --बिल्ड’ ही आज्ञा ‘--रूट-ओनर-ग्रुप’ या पर्यायासह दिली, डेब फाइल तयार झाली, आणि ती एपीटीनेच बसवली. मग पर्ज करून फाइल खरोखर गेली का ते पाहिले आणि पुन्हा बसवली. विदा-फाइलीविषयी ‘डीपीकेजी --सर्च’ ला विचारल्यावर आता आमच्या पॅकेजचे नाव येते.

सोर्समधून कंपाइल करण्यावाचून गत्यंतर नसेल तेव्हा काय, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला आणि तो रास्त होता. ग्नू स्टोचा मार्ग मला पसंत आहे: प्रत्येक सॉफ्टवेअर ‘/यूएसआर/लोकल/स्टो’ खाली स्वतःच्या फोल्डरात जाते, ‘बिन’ व ‘लिब’ मध्ये त्याचे फक्त प्रतीकदुवे ठेवले जातात आणि ‘स्टो --डिलीट’ ते दुवे काढून घेते. मात्र स्टोने हिशेबाचा प्रश्न सुटतो, अग्रक्रमाचा सुटत नाही. ‘लोकल’ मधली लायब्ररी डेबियनच्या लायब्ररीवर सावली धरणारच, आणि तिला लागणारी पॅकेजे एपीटीला अज्ञातच राहणार. म्हणून अशा लायब्ररीला लागणारी पॅकेजे मॅन्युअल म्हणून नोंदवावीत आणि प्रणाली बदलण्यापूर्वी ती लायब्ररी काढून ठेवावी, असे मी त्याला सांगितले. फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज पद्धतीत प्रोग्राम आपली रनटाइम लायब्ररी वेगळी बाळगतो, त्यामुळे लिबटिफसारखी अडचण येत नाही. तरी काढताना ‘--डिलीट-डेटा’ दिले नाही तर घरातील ‘.व्हार/ॲप’ मध्ये विदा मागे राहते.

हे सारे डेबियन आणि तिच्या कुळातील प्रणालींना लागू आहे. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणप्रणालीत मालकी विचारायची आज्ञा ‘आरपीएम -क्यूएफ’ आहे आणि डीएनएफ हे तिचे पॅकेज साधन पूर्वीचा संपूर्ण व्यवहार ‘हिस्टरी अन्डू’ने उलटवू शकतो. फ्रीबीएसडी या लिनक्सबाहेरच्या प्रणालीत मात्र एक मूलभूत फरक लक्षात ठेवायला हवा: तेथे पॅकेज व्यवस्था स्वतःच ‘/यूएसआर/लोकल’ मध्ये फाइली ठेवते, त्यामुळे ‘लोकल’ मधले ते सारे हाताने आलेले हा आमचा आधार तेथे घेता येणार नाही. तेथे ‘पीकेजी व्हिच’ला प्रत्येक फाइल विचारूनच ठरवावे लागते.

वाचनालयाच्या संगणकाशेजारी आता एक वही आहे. भांडाराबाहेरून जे बसेल त्याचे नाव, आवृत्ती, बसवण्याचे कारण, काढण्याची आज्ञा आणि ‘भांडारात अमुक आवृत्ती आल्यावर काढावे’ अशी अट तीत लिहिली जाते. ती वही ठेवण्याची कल्पना ग्रंथपाल ताईंची, आणि तिची आखणीही त्यांनीच केली. सध्या तीत मार_बेस्टची एकच पूर्ण नोंद आहे. ‘/यूएसआर/लोकल/शेअर/फाँट्स’ मधल्या देवनागरी फाँटांपैकी कोणते डेबियनच्या फाँट पॅकेजांत आधीच आहेत आणि कोणते केवळ जुन्या नाट्यसंहितांच्या फाइली उघडण्यासाठी लागतात, हे ताडण्याचे काम विद्यार्थ्याने हाती घेतले आहे. ते पूर्ण झाले की उरलेल्या फाँटांचेही असेच एक पॅकेज बनवायचे आहे.